कागदाला लावलेले ओठ

"कुणाचा मुका घेत होतीस?"

किएतनं हे विचारलं आणि हातातल्या जेवणाच्या काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचल्या. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं फटकन त्याच्या मनगटावर मारलं. "आडव्या ठेव त्या. भातात उभ्या काड्या मेलेल्यांसाठी असतात. इथं अजून सगळे जेवतायत."

थ्वा, त्याची बायको, शिंपल्यांचा रस्सा वाढत होती. पळीतला थेंब सांडला नाही.

"कागदाचा," ती म्हणाली.

"कागदाचा. बरं. मी खिडकीतून बघितलं. डोळे मिटून ओठ लावलेस, कागद छपाईच्या मशीनमध्ये सरकवलास, आणि त्यातून एका जवान गड्याचं तोंड बाहेर आलं. मला बघून तू ते पालथं घातलंस. कोण तो?"

थ्वानं पुढचा वाडगा भरला.

"परवा बाबांचं श्राद्ध. तोवर सांग. नाहीतर श्राद्धाची भांडी घासून झाली की माहेरी जा."

म्हातारी सुनेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जाताना मशीन नेऊ दे रे तिला. दोघांनी उचलावं लागतं ते. म्हणजे तुलाच हात लावावा लागेल."

कुणी हसलं नाही.

आता ह्वे शहरात नदीकडं उतरणाऱ्या गल्लीतलं हे घर म्हणजे पुढं किएतचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागं थ्वाची छपाईची खोली. लोकांच्या लग्नाचे, देवळांचे, कुणाच्या आजीचे फोटो ती जाड सुती कागदावर छापून द्यायची. हवा अशी दमट, की कागद सकाळी सरळ आणि दुपारी पापडासारखा वाकडा. म्हणून भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या घालून तो डब्यात ठेवायचा, पांढरे हातमोजे घालून धरायचा. किएतच्या हाताला सदा वंगण, तेव्हा त्या खोलीचा उंबरा त्याला बंद. आधी तो यावर हसायचा. "बायकोनं मला सोवळ्याबाहेर ठेवलंय," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. पण संशय म्हणजे ओल असते बाबा, एकदा भिंतीत शिरली की वर चढतच जाते. आता बंद दार दिसलं की त्याच्या हातातला पाना थांबायचा. थ्वाला फोन यायचा, पलीकडं कुणी लुआन असायचा, आणि ती हळू आवाजात विचारायची, "कपाळ एवढंच रुंद होतं ना?" हे ऐकून कुठल्या नवऱ्याला भात गोड लागेल?

खरं काय ते एकटी थ्वा जाणत होती, आणि तेच तिला बोलता येत नव्हतं.

घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात आज्ज्याचा फोटो होता, आजीचा होता, आणि मधे जागा रिकामी. किएत पोटात असतानाच त्याचा बाप वादळात बोटीबरोबर गेला. त्याचा एकच फोटो होता, तो किएत रांगत असताना पुरानं नेला. उदबत्त्या लागायच्या त्या नुसत्या नावाला. मागं एकदा एका चित्रकारानं म्हातारीच्या सांगण्यावरून चेहरा काढून दिला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हा कोण?" त्यानंतर किती दिवस तिनं अन्न घेतलं नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली... तेव्हा किएतनं चित्र चुलीत घातलं आणि बजावलं, "बाबांच्या तोंडाचं नाव या घरात पुन्हा कुणी काढायचं नाही."

आणि यंदा बापाच्या बोटीवरचा जुना सोबती लुआन सापडला, दूर दा नांगला. त्याच्याकडं बोटीवरल्या गड्यांचा एक फोटो निघाला. त्यात बापाचं तोंड मुगाच्या दाण्याएवढं. थ्वानं ते मोठं केलं, डाग काढले, रेष न् रेष जुळवली. हनुवटी पार विरलेली, तर दुपारी नवरा आडवा झाला की त्याच्या हनुवटीकडं बघून ती भरून काढली. तरी मनात भीती बसलेलीच. पुन्हा चुकलं तर? म्हातारी पुन्हा म्हणाली, "हा कोण?" तर? त्यापेक्षा नवऱ्याचा संशय बरा, असं त्या बाईनं ठरवलं. संशय अंगावर घेईन, पण त्या माउलीला खोटी आशा दाखवणार नाही...

श्राद्धाच्या दिवशी सकाळी चुलीवर डुकराचं मटण शिजत होतं. थ्वा केळीची पानं आणायला गेली, आणि किएत त्या खोलीत शिरला. थेट दुकानातून, हात न धुता. टेबलावर पातळ कागदाखाली तो चेहरा वाळत होता. त्यानं ओढून घेतला.

थ्वा दारात आली. "अहो, ठेवा तो खाली. तुमच्या पाया पडते. हात..."

"कोण आहे हा?"

"संध्याकाळपर्यंत थांबा."

"नावगाव असेल ना याला?"

तो कागद तिच्या तोंडासमोर नाचवत होता आणि त्याचा काळा अंगठा त्या चेहऱ्याच्या गालावर दाबलेला होता. थ्वाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं केळीची पानं खाली ठेवली. "झालं," ती म्हणाली. "आता मी जाते माहेरी."

आवाज ऐकून म्हातारी आली. "काय लावलंय पितरांच्या दिवशी? दे इकडं." कागद घेऊन ती खिडकीशी गेली. उजेडात धरला.

चुलीवर मटण रटरटत होतं. थ्वाला वाटलं, आता ते दोन शब्द येणार...

म्हातारीनं बोट नेलं ते त्या काळ्या डागावर.

"एवढं पण कसं गं कळलं तुला?" ती म्हणाली. "बोटीच्या इंजिनावर काम करायचा ना. गालाला वंगण लागल्याशिवाय हा माणूस कधी घरी आला नाही. लग्नाचा फोटो काढायला गेलो त्या दिवशी मीच बाहीनं पुसला होता... भर लग्नात भांडण व्हायचं बाकी होतं त्यावरून."

किएतनं आधी आईकडं, मग कागदाकडं बघितलं आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला.

"हे... बाबा?"

"मग कोण? माझा यार?" म्हातारी रडत रडत म्हणाली.

तो मग बाहेर गेला, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि उंबऱ्यावर उभा राहिला. "थ्वा... आत येऊ?"

"आजवर विचारलं नाहीत," ती म्हणाली. "कोण तो, एवढंच विचारलंत. काय करतेयस, हे नाही विचारलंत."

"चुकलो मी."

तिनं डब्यातून कोरा कागद काढला, एक कोपरा त्याच्या ओठांत दिला. "आता सोडा."

कागद त्याच्या खालच्या ओठाला चिकटून राहिला.

"दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. शाई धरते ती बाजू ओलसर ओठाला चिकटते. दुसऱ्या बाजूला छापलं तर माणूस राखेसारखा दिसतो. आईंचा माणूस मी राखेसारखा कसा छापू?"

किएतनं मान खाली घातली. कागद ओठाला तसाच.

"डागाचा फेकून देते, दुसरा छापते," थ्वा डोळे पुसत म्हणाली.

"हात तर लावून बघ त्याला," म्हातारीनं दटावलं. तिनं तो काळ्या गालाचा फोटो स्वतः चौकटीत घातला, देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागी ठेवला, समोर भाताचा वाडगा ठेवला आणि त्यात काड्या उभ्या खोचल्या.

"जेवा," ती फोटोतल्या नवऱ्याला म्हणाली. "आज तोंड धुतलं नाही तरी चालेल."