खड्ड्यातला दुसरा आवाज

हे मी स्वतः ऐकलंय. मावसभावाच्या मित्राकडून नाही, या दोन कानांनी. खोटं वाटत असेल तर वडसाला या, धान गिरणीमागचं गोडाऊन दाखवतो.

आत मात्र तुम्ही एकटेच जा.

मी जिशान. झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर आहे. आमच्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे काय, ते आधी सांगतो. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव प्रयोग, पाठांतराला वेळ कोणाकडे? स्टेजच्या पुढे खड्डा असतो. त्यात मी वही घेऊन बसतो. प्रत्येक वाक्य आधी मी म्हणतो, नट ते उचलतो. अर्थबिर्थ नंतर. एकदा मला खोकला आला, तर आमच्या हिरोनं तोही करून दाखवला.

हसू नका. खड्ड्यातून जे येईल ते तोंडातून जाणार, ही सवय हाडात मुरते.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र हवी, पण माझा नाइलाज आहे. दुपारचे तीन वाजले होते. पत्र्यावर लख्ख ऊन होतं.

गोडाऊनमध्ये तालीम चालली होती. तिथं जुन्या वजनकाट्याचा खड्डा आहे, मी त्यातच बसतो. तीन फूट रुंद, सिमेंटचा. पाठ टेकली की मागे जागा उरत नाही.

नाटक नवीन होतं. सावली गावच्या प्रवीण सरांनी लिहिलेलं, ते इतिहास शिकवतात. इंग्लंडात यादवी झाली, पार्लमेंटनं राजाचं मुंडकं उडवलं. ती बातमी जहाजानं महिन्यांनी अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत पोचली. मेरीलँड नावाच्या वसाहतीत तंबाखू पिकवणारे शेजारी होते. काही जुन्या जहागीरदार लॉर्डचे, काही पार्लमेंटचे. सोळाशे पंचावन्न साली नदीकाठी ते एकमेकांवर तुटून पडले. हरलेल्यांना जीवदानाचा शब्द मिळाला, म्हणून त्यांनी बंदुका खाली ठेवल्या.

मग त्यातल्या चौघांना गोळ्या घातल्या.

"भांडण लंडनचं, मढी इथली," सर म्हणाले होते.

लालसू तेव्हा हळूच बोलला, "सर, हे त आमच्याच गावचं हाये."

लालसू धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातला. चार वर्षं आमच्याकडे पडदा ओढत होता. या नाटकात त्याला पहिल्यांदा डायलॉग मिळाला, त्या चौघांतल्या एकाचा. ते पाहायला त्याची आई नीलाबाई दोन बस बदलून आली होती. धानाच्या पोत्यावर बसली होती, नवं लुगडं नेसून.

लालसू नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाला, जंगूला, बंदूकवाल्यांनी घरून नेलं. कोणत्या बाजूचे, ते मी लिहीत नाही. दोन्ही बाजूंना भात लागतो, आणि दोन्ही बाजू विचारतात की दुसऱ्यांना कोणी वाढला. जंगू परत आला नाही. चहाडी दिरानं केली असं नीलाबाईनं धरलं होतं. त्याच्या घरचं पाणीही ती पीत नव्हती.

तर तालीम.

आमचे मालक दादाजी भाऊ कप्तान झाले होते. त्यांनी लाकडी बंदूक रोखली. "बोल! तू कोणाचा? जहागीरदाराचा का पार्लमेंटचा?"

मी खालून वाक्य दिलं, "मी जहागीरदाराचा. पण साहेब, तुम्ही जीवदानाचा शब्द दिला होता."

लालसू गप्प.

पुन्हा दिलं. गप्प.

"अबे, तोंडात गुटखा हाये का?" दादाजी भाऊ भडकले. "मायच्या पुढं लाजून राह्यला का? बोल, नाई त पडदाच ओढशीन जनमभर!"

सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटते आता.

सातव्यांदा दादाजी भाऊंनी नळी त्याच्या गळ्याला लावली. "तू कोणाचा?"

मी वाक्य द्यायला तोंड उघडलं...

माझ्या आधीच कोणीतरी बोललं.

"मर्री..."

डाव्या कानाच्या मागून. जिथं फक्त सिमेंट होतं.

"मर्री," लालसू म्हणाला.

मर्री म्हणजे गोंडीत मुलगा. हे मला नंतर कळलं. नीलाबाईला तेव्हाच कळलं, ती पोत्यावरून उठली.

माझ्या मागचा आवाज पुढे बोलला, "त्यायनं बापाले विचारलं, परवा घरी कोण जेवलं?"

लालसूनं ते उचललं, शब्द न् शब्द.

"बाप म्हणाला... कोणी नाई."

लालसू तेही बोलला. आता तो माझ्याकडे बघत होता. मान नको नको म्हणत होती. तोंड थांबत नव्हतं.

"मंग त्यायनं पोराले बिस्किटाचा पुडा देल्ला."

मी ओरडायला हवं होतं. पण मी काय केलं सांगू? वहीचं पान उलटलं. वाक्य कुठे आहे ते शोधत बसलो.

"अन् पोरगा म्हणाला... सातजण. सातजण जेवले."

"सातजण जेवले," लालसू म्हणाला.

मग काही नाही. पंख्याचाही आवाज नाही. वीज कधी गेली ते कोणाला कळलंच नव्हतं.

नीलाबाई लालसूकडे बघत होती. पंधरा वर्षं दिराला दिलेल्या शिव्या तिच्या तोंडावर दिसत होत्या. तिनं पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

लालसूनं तिला हाक मारायला तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं... वाक्य मागत.

माझ्या वहीत वाक्य नव्हतं.

आणि दादाजी भाऊंनी टाळी वाजवली! "वा रे लालसू! हेच ठेव. पब्लिक रडून रडून मरन!"

खड्ड्यातला आवाज त्यांना ऐकू आलाच नव्हता. कोणालाच नव्हता. फक्त मला आणि त्याला.

या सीझनला छत्तीस प्रयोग झाले. तो सीन आला की मी वही मिटतो. मी एक शब्दही देत नाही. तरी लालसू सगळं बोलतो, अडखळत, एकेक वाक्य उचलत. लोक खरंच रडतात. बक्षिसंही देतात.

स्टेजवरून उतरल्यावर तो बोलत नाही. कोणाशीच नाही. जेवण समोर ठेवलं तरी "जेव" म्हणावं लागतं.

मागच्या महिन्यात नीलाबाईचा फोन आला. खड्ड्यातल्या आवाजाचं मीच तिला सांगितलं होतं.

"बाबू, त्या खड्ड्यात तूच बसते ना? लालसूच्या बापाले विचार एकडाव. म्हणा, लहान होता पोरगा. भुका होता. बिस्किट पाहूनच बोलला. मी सोडलं त्याले, आता तुमीबी सोडा म्हणा."

मी तिला हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एकटाच गोडाऊनच्या खड्ड्यात उतरलो, सिमेंटला पाठ टेकली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

मग डाव्या कानाला गार लागलं...

"नाई."

एवढंच.

जे कानावर येईल ते पुढे द्यायचं, हा माझा धंदा आहे. हे मात्र मी दिलं नाही. नीलाबाईला म्हटलं, काही उत्तरच आलं नाही, उद्या परत विचारतो.

ती रोज फोन करते.