शोध पूर्ण

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत मी सुरक्षा अधिकारी आहे. आजूबाजूच्या कारखान्यांनी मिळून एक बचाव पथक उभं केलं आहे, आणि कुठे वायू गळला, ॲसिड सांडलं, टँकर कलंडला तर काय करायचं हे त्या पथकाला शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. वर्ग दुपारचा असतो. मासे-भात जेवून आलेली मंडळी समोर पेंगत असतात आणि मी फळ्यावर लिहीत असते की वायूच्या आधी माणसाचं मन दगा देतं. रोजच्या वासाची नाकाला सवय होते, मग तो वाढला तरी कळत नाही. घटनास्थळी मिळालेली पहिली बातमी डोक्यात घट्ट बसते, मग दुसरी शिरत नाही. आणि शोधत असलेली वस्तू एकदा सापडली की शोध थांबतो. घरात किल्ली हरवते, आपण शोधतो, ती मिळते. आणखी एक किल्ली पडलेली असेल म्हणून पुन्हा खाटेखाली कोण वाकतं?

त्यासाठी मी एक नियम घालून दिला आहे. आत जाऊन आलेल्यांनी बाहेर आल्यावर एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येकाने काय पाहिलं ते आमच्या गाडीचे चालक भाई यांना वेगवेगळं सांगायचं, म्हणजे एकाचं पाहिलेलं दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरत नाही. भाई निवृत्तीला आलेले आहेत. या नियमाला ते मॅडमचा उपास म्हणतात, पण पाळतात.

त्या दिवशी मी डबा उघडला आणि फोन आला. मसुऱ्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला होता. आंगणेवाडीची जत्रा नुकतीच उरकली होती. रस्त्याच्या कडेला दुकानांचे बांबू सोडवत माणसं सावकाश वावरत होती, आमच्या भोंग्याकडेही कोणी मान वर करून पाहिलं नाही. माझा सहकारी देवेश पोशाखाच्या चेनी तपासत मागे बसला होता. पोरगा मालवणचा, कामाला वाघ, फक्त शंका फार काढतो. मीच त्याला शंका काढायला शिकवलं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

कारखाना माडांच्या राईत होता. थंडगार अमोनियाचं पांढरं धुकं भिंतीच्या फटींतून निघून जमिनीलगत पसरलं होतं आणि तसंच खाडीच्या पाण्यावर उतरलं होतं. काठाला बांधलेल्या होड्या त्यावर तरंगताना दिसत होत्या, खाली पाणी आहे की नाही कळत नव्हतं. वारा पडलेला. ऊन दुधात कालवल्यासारखं. अशा ठिकाणी माणसाने घाबरावं, पण मला आडवं होऊन डोळे मिटावेसे वाटले.

मालक सुदेश पुढे आला. ऑफिसातल्या मराठीत म्हणाला, "सगळे बाहेर आहेत. एकच माणूस आत आहे, मशीन बघणारा प्रीतम. कॉम्प्रेसरच्या खोलीत असणार."

वास केव्हापासून येत होता असं मी विचारलं, तर कामगार एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, "तो रोजचोच, मॅडम."

फाटकाशी प्रीतमची बायको किशोरी उभी होती. शेजारच्याच वाडीतून धावत आली असावी, पायांत काही नव्हतं. ती रडत नव्हती. तिने माझ्या जाड हातमोज्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माजो घोव भुतूर आसा. तेका घेवन येवा. दुसरा माका काय नको."

आणते, मी म्हणाले. असं वचन द्यायचं नसतं, हेही मीच शिकवते.

आत काहीच दिसत नव्हतं. पाठीवरच्या सिलिंडरची हवा, कानांत स्वतःचा श्वास, आणि समोर पांढरं. आम्ही भिंतीला हात लावून सरकत गेलो. डाव्या हाताला मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी होती, तिच्यात बर्फाचे डबे बुडवतात. टाकीच्या लाकडी झाकणांवर हिम धरलं होतं. पाय जमिनीला लागत होते तरी चालल्यासारखं वाटत नव्हतं, झोपेत चालावं तसं काहीतरी. मला भीती वाटत नव्हती आणि ते मला आवडलं नाही.

प्रीतम कॉम्प्रेसरच्या खोलीच्या उंबऱ्यावर कुशीवर पडला होता. निळा शर्ट. श्वास चालू होता. मला इतकं हायसं वाटलं की मी मास्कमध्येच हसले.

आम्ही त्याला उचलताना देवेशने माझ्या खांद्याला स्पर्श केला आणि टाकीच्या पाठीमागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याचा आवाज मास्कमधून बोदा आला. "मॅडम, थंय पण बगूया?"

एक माणूस हरवला होता, एक माणूस सापडला होता. मी नाही म्हणून मान हलवली. चल.

बाहेर आल्यावर मी वॉकीटॉकीवर सांगितलं, शोध पूर्ण.

किशोरीने त्याला पाहिलं, तोंडावरून हात फिरवला. त्याने डोळे उघडले नाहीत पण तिची बोटं घट्ट धरली. रुग्णवाहिका मालवणला निघाली तेव्हाही ती बोटं सुटलेली नव्हती. सुदेशने मला चहा आणून दिला आणि मी तो मजेत प्यायले. त्या दुपारी माझ्याइतकं समाधानी माणूस साऱ्या तालुक्यात नसेल.

व्हॉल्व्ह बंद झाला, पाण्याचे फवारे मारून धुकं खाली बसवलं. ऊन कलतं झालं. आता राहिली होती मोजणीची फेरी. आत वायू किती उरला ते यंत्राने मोजायचं आणि कारखाना मालकाच्या ताब्यात द्यायचा. ही फेरी दोघांनी एकामागून एक करायची, म्हणजे एकाच्या आकड्यांचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. देवेश आधी गेला.

तो बराच वेळ आला नाही. मी हाक मारायला उठणार तोच तो दारात दिसला. मास्क काढून पायरीवर बसला. भाईंनी विचारलं, "काय रे, कितको उरलो?" तर त्याने यंत्र माझ्यापुढे धरलं.

"तुमी बगून येवा, मॅडम," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "मगे मी सांगतंय. नियम तुमचोच आसा."

त्याच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती.

आत आता सगळं स्वच्छ दिसत होतं. वरच्या झरोक्यातून ऊन टाकीवर पडलं होतं, हिम वितळून टपटप गळत होतं. मी यंत्र पुढे धरून चालत टाकीच्या पाठीमागे वळले.

कोपऱ्यात एक माणूस बसला होता. भिंतीला पाठ, गुडघे वर घेतलेले, हात गुडघ्यांवर. तोंडावर ओला टॉवेल. अमोनियात सापडलेला जाणता कामगार टॉवेल भिजवून तोंडावर घेतो, वायू पाण्यात विरतो म्हणून. इतक्या वेळात तो टॉवेल सुकायला हवा होता.

शर्ट निळा होता.

मी स्वतःची उलटतपासणी घेतली. मला कोणी काही सांगितलेलं नाही. देवेश काही बोललेला नाही. मी इथे कोणी सापडेल या अपेक्षेने आलेले नाही, उलट कोणी नसेल याच अपेक्षेने आले आहे. फळ्यावर लिहिलेलं सगळं आठवून पाहिलं, एकही कारण लागू पडेना.

मी वाकले. यंत्रावरचा उतरलेला आकडा पाहून मास्क काढला. टॉवेल उचलला.

प्रीतम होता.

डोळे मिटलेले, ओठ निळे, भुवयांवर हिमाचे कण. मी मनगट धरून पाहिलं, नंतर मान. काही लागलं नाही. शरीर बर्फाच्या लादीइतकं थंड होतं, आणि चेहरा शांत, कोणाची तरी वाट बघत बसल्यासारखा.

मी धावले नाही. पावलं मोजूनमापून टाकत दारापर्यंत आले.

"निळो शर्ट," देवेश पायरीवरूनच म्हणाला. "तोंडार टॉवेल. मी हात लावूक नाय."

"बरं केलंस."

"कोण होतो?"

तेवढ्यात भाईंचा फोन वाजला. भाई किशोरीच्या माहेरच्या गावचे, तिने त्यांनाच फोन केला होता. त्यांनी तो मोठ्या आवाजावर लावला.

"मॅडम आसत?" तिचा आवाज हसरा होता. "ह्येंनी डोळे उघडल्यानी. चाय मागतत. तुमच्याशी बोलाचा म्हणतत."

मग प्रीतमचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"उपकार झाले, मॅडम. एकच सांगाचा होता. टाकीच्या पाठी जो बसलो आसा ना, तेका थंयच बसान ऱ्हवांदे. तेच्या तोंडावरचो टॉवेल तेवडो काडू नकात."

भाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं.

टॉवेल मी तसाच घेऊन आले होते. त्यातून पाणी माझ्या बुटांवर ठिबकत होतं.

"मॅडम?" प्रीतम म्हणाला. नंतर त्याचा श्वास ऐकू आला, एक लांब, एक आखूड. मग काही ऐकू आलं नाही.

"अवो," तिकडे किशोरी म्हणाली. "अवो, बगा ना माज्याकडे. काय होता तुमका? अवो."

आमच्या पाठीमागे, कारखान्याच्या उघड्या दारातून, कोणीतरी तिला ओ दिली.