जगदेवीच्या शेतातली येळवस

तंबूतला सिनेमा पडला म्हणता? पडणारच. बातमीदारानं मुडद्यांचा तपास करायचा आणि भूत दिसलं की धूम ठोकायची, हे कुणाला पटंल? आमच्या बब्रुवाननं तर तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

बब्रुवान माझा जोडीदार. राहायचा निजामाच्या राज्यात आणि चोरून सोलापूरच्या पेपराला बातम्या धाडायचा. पोलीस ॲक्शनच्या आधीची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पूजा करून पंगती घालायचा सण. बातमी काढायला तो अणदूरजवळ जगदेवीच्या शेतावर गेला. तिथं राखणीला गेलेली तीन माणसं मेली होती, तिसरा तिचा नवरा. पाटील म्हणत होता, बाई करणी करते, उद्या हिला गावाबाहेर काढू. शेत पाटलाच्या बांधाला लागून होतं, हे वेगळं सांगायला नको.

येळवशीला वाटसरूलाही हाताला धरून जेवायला बसवतात. तिच्या खोपीकडं मात्र कुणी फिरकलं नव्हतं. भज्जी, म्हणजे सणाची मिसळभाजी, तशीच पडून होती.

“म्या गाव सोडून जाणार न्हाय,” जगदेवी म्हणाली. “माजं रान हाय.”

“अक्का, आज राखण मी करतो,” बब्रुवान म्हणाला. “सकाळी जिता दिसलो, तर तुमाला कोण काढतंय बघू.”

दिवस मावळला की घरच्या पुरुषानं हेंडगा, म्हणजे कडब्याची पेटती पेंढी, घेऊन पिकाभोवती पळायचं, ही रीत. त्या घरात पुरुष उरला नव्हता. जगदेवी घरी गेल्यावर बब्रुवाननंच हेंडगा पेटवला.

पहिला बांध संपला. मागं पावलं वाजली. अनवाणी.

तो थांबला. पावलंही... थांबली.

ज्वारीपल्याड एक हेंडगा पेटला. मग दुसरा. मग तिसरा. धरणारा कुणीच दिसंना.

भ्याला तो, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा चीड मोठी होती.

“कुणी मारलं तुमाला?” त्यानं विचारलं. “सांगा. म्या छापतो.”



जाळ वळले. पाटलाच्या बांधाकडं. पळत सुटले. तिकडं कुणीतरी एकदाच ओरडलं.

मग अंधार...

सकाळी गाव जमलं, तेव्हा बब्रुवान खोपीत बसून आंबील पीत होता. पाटीलही आला. गळ्याला उपरणं घट्ट आवळलेलं. जगदेवी पुढं झाली आणि सगळ्यांदेखत तिनं ते उपरणं ओढून काढलं.

“आता बोला, पाटील.”

गळ्यावर भाजल्याचे पंजे उमटले होते. तीन. तिन्ही उजव्या हाताचे.