तिसरा खर्च

त्या वर्षापासून मिरजेच्या कृष्णाकाठ रुग्णालयात रुग्णाबरोबर त्याच्या माणसाच्याही मनगटाला पट्टा बांधू लागले. पट्ट्याचं नाव क्लेशमापक. घामातली रसायनं आणि नाडीची लय वाचून तो त्या माणसाच्या मनात काळजी, भीती, दुःख किती आहे याचा आकडा सतत काढत राही.

इलियास सतारमेकरांनी पट्ट्याकडे संशयाने पाहिलं. त्यांची बायको जुबेदा आतल्या खोलीत होती. तिच्या हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणं हळूहळू थांबत चाललं होतं.

"आजारी ती आहे, बाई. माझा हात कशाला बांधता?"

डॉ. ऋजुता धामणकर त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. आजारापायी माणसांना काय काय मोजावं लागतं, याचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ होत्या. क्लेशमापक त्यांनीच घडवला होता आणि तो समजावून सांगायची संधी त्या कधी सोडत नसत.

"इलियासभाई, आजाराचा खर्च तीन प्रकारचा असतो. औषधं, खाट, तपासण्या हा प्रत्यक्ष खर्च. तुम्ही सतारी करायच्या सोडून इथे बसलात, काम बुडालं, तो अप्रत्यक्ष. आणि तिसरा अमूर्त. तुमच्या घशाखाली घास उतरत नाही ना, तो."

"त्याला खर्च म्हणतात?"

"पुस्तकात फार पूर्वीपासून म्हणतात. पण मोजता येत नव्हता, म्हणून सगळे तो रकाना कोरा सोडायचे. कोरा म्हणजे हिशोबात शून्य. तुमचं हे सगळं दुःख आजवर शून्य धरलं जात होतं, इलियासभाई. आता नाही धरणार."

इलियासभाईंनी बाही वर सारली. मग हात पुढे केला.

कुणाला कोणता उपचार द्यायचा, हे सरकारी योजनेत 'तुला' नावाची संगणकप्रणाली ठरवत असे. तिचा नियम सरळ होता. ज्या वाटेने आजाराचा एकूण खर्च सर्वांत कमी, ती वाट निवडायची. जुबेदाच्या आजारावर औषध होतं, पण ते इतकं महाग होतं की तुलेने ते आधी नाकारलं होतं. आता बेरजेत तिसरा खर्च पहिल्यांदाच धरला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला तेव्हा ऋजुता लिफ्टची वाट न पाहता जिने चढत वर गेल्या. इलियासभाईंच्या काळजीचा आकडा एवढा मोठा निघाला होता की त्यापुढे औषधाची किंमत लहान ठरली. औषध मंजूर झालं होतं.

"म्हणजे मी काळजी केली म्हणून?" इलियासभाईंनी विचारलं. 

"तुम्ही काळजी केली म्हणून."

ते भिंतीला टेकून रडले. ऋजुतांनाही डोळे पुसावे लागले. त्या दिवशी खालच्या मजल्यावरून फोनवर फोन येत होते. बालरोग विभागात एका मुलीची शस्त्रक्रिया तिच्या आजीच्या काळजीमुळे मंजूर झाली होती. एका तरुणाला त्याच्या भावाच्या काळजीमुळे मूत्रपिंड मिळणार होतं. माणसाचं माणसावर असलेलं प्रेम पहिल्यांदाच तराजूत पडलं होतं, आणि त्याचं वजन भरत होतं. ऋजुतांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

जुबेदाचं औषध हैदराबादहून यायला आठवडा लागणार होता. दरम्यान इलियासभाईंची नाडी फारच वाढली, म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्यांना 'शमनी' सुरू केली. ही नवी गोळी झोप आणत नसे, गुंगीही नाही. काळजी तेवढी उतरवत असे. आणि ती स्वस्त होती.

तुला रोज सकाळी नव्याने बेरीज करत असे. गोळीच्या तिसऱ्या दिवशी जुबेदाच्या औषधाची मंजुरी रद्द झाली.

ऋजुतांनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. चूक कुठेच नव्हती. औषधाने आजार हटवला असता, तर खर्च कमी झाला असता. गोळीने काळजी हटवली, तरी खर्च कमी होत होता, आणि कितीतरी स्वस्तात.

त्या धावतच वॉर्डात गेल्या. इलियासभाई खिडकीशी बसून चहा पीत होते.

"इलियासभाई, ती गोळी आजपासून बंद करा. तिच्यामुळे भाभींचं औषध थांबलंय."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं होय. पण मला आता बरं वाटतंय, बाई. काल दुकानात जाऊन आलो. तारांखालची घोडी घासून सुराला गोलाई आणायची असते ना, ते जमलं. सहा महिने कान लागत नव्हता."

"आणि भाभी?"

"बिचारी," ते मनापासून म्हणाले आणि चहा संपवला.

एक मार्ग उरला होता. नातेवाइकाला शमनी चालू ठेवायची तर रुग्णाची संमती लागत असे. ऋजुतांनी जुबेदापुढे सगळं उघड मांडलं. "तुम्ही फक्त नाही म्हणा. दोन दिवसांत ते पूर्वीसारखे होतील आणि औषध परत मंजूर होईल."

"औषधाने मी पुरती बरी होईन?"

"पाच-सहा वर्षं मिळतील. कदाचित जास्तही."

"दर महिन्याला तपासणी?"

"हो."

जुबेदाने अंगावरची चादर सारखी केली.

"काल ते माझ्यासमोर जेवले. दोन भाकरी. मी मोजल्या नाहीत कधी, काल मोजल्या. पाच-सहा वर्षं दर महिन्याला त्यांचा जीव टांगून ठेवायचा? चालू राहू दे गोळी."

"भाभी, ते गोळीवर नसते तर त्यांनी हे कधीच मान्य केलं नसतं."

"म्हणून तर मी हो म्हटल्याचं त्यांना सांगू नका." मग तिने विचारलं, "मलाही देतील ना ती गोळी?"

"देतील. तुम्ही मागितली की लगेच."

"मला नको. दोघांतल्या एकाला तरी वाईट वाटायला हवं."

दार ढकलून इलियासभाई आत आले. चेहरा ताजा, दाढी केलेली. त्यांनी जुबेदाच्या कपाळावर हात ठेवला आणि ऋजुतांना विचारलं,

"मग हिला घरी कधी नेऊ? दुकानात गिऱ्हाईक यायचंय, म्हणून विचारतो."