पुसलेली बाहुली

स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणायचे. नाव ठेवलं होतं सरांनी, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंसुद्धा, कारण तिच्यासारखं खोडणारं त्या सबंध इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. सर फोटो काढायचे, ती साफ करायची. हनुवटीवरची पुटकुळी, ड्रेसच्या काखेतून डोकावणारं लेबल, मागच्या पडद्याची सुरकुती, फरशीवरची वायर. स्क्रीनवर पेन फिरवलं की गेलं. नंतर कोणी भिंग घेऊन बसलं तरी इथं काहीतरी होतं असं शपथेवर सांगता येऊ नये, इतकं गेलं.

आणि सगळ्यात शेवटी बाहुली.

बाहुली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कोणाच्याही चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो घ्या आणि डोळा मोठा करून बघा. बुबुळात उजेडाचा एक चौकोन दिसतो आणि त्या उजेडासमोर एक इवलंसं काळं माणूस उभं असतं. तोच फोटो काढणारा. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली म्हणतोच, मग आतल्या माणसाला तरी दुसरं काय म्हणणार? स्टुडिओत तोच शब्द चालायचा. "बाहुली पुसलीस का गं?" असं सरांनी विचारलं की फोटो संपला. लोक मॉडेलचा चेहरा बघायला येतात, माझी ढेरी बघायला नाही, असं ते म्हणायचे. आणि मग फोटोखाली स्वतःचं नाव चांगलं ठसठशीत टाकायचे.

खोडरबर एकवीस वर्षांची. राहायची आत्याकडे. आत्याचं कपडे घट्टसैल करून द्यायचं दुकान होतं, आणि तिची जीभ तिच्या कात्रीला भारी होती. खोडरबरला जन्मभर खोडत बसायचं नव्हतं. तिला फोटो काढायचे होते. त्यासाठी एक संस्था होती. वर्षाला बाराच जणांना घ्यायची आणि अट एकच घालायची: तुमच्या नावानं छापून आलेला एक फोटो दाखवा. एकच. मागच्या वर्षी तिच्याकडे तो एक नव्हता, म्हणून अर्ज तसाच परत आला होता.

मग तो मंगळवार उजाडला. एजन्सीनं एक नवी मॉडेल पाठवली होती. मान लांब, पाय त्याहून लांब, म्हणून दारातून आत येईपर्यंत तिचं नाव बगळी पडलंसुद्धा. काम मोठं होतं, मासिकाच्या मुखपृष्ठाचं. वेळ दहाची. साडेअकरा झाले तरी सरांचा पत्ता नाही. फोनवर म्हणाले, लाइट लावून ठेव, मी पोहोचतोच. तिनं लावले. बगळी स्टुलावर बसून इतकी आखडली होती की तिच्यापेक्षा स्टूल सैल वाटत होतं. तिला जरा बोलतं करावं म्हणून खोडरबरनं उंची विचारली. बगळी म्हणाली, एजन्सीला दोन बोटं वाढवून सांगते, आणि लग्नाच्या स्थळांना आई चार बोटं कमी करून सांगते, त्यामुळे खरी उंची आता मलाच माहीत नाही. दोघी खूप हसल्या. हसणं ओसरताना, चेहरा पुन्हा आवरला जायच्या आत, मधेच एक क्षण असा आला की बगळी नुसती बगळी होती. खोडरबरचा हात आपोआप सरांच्या कॅमेऱ्याकडे गेला. तिनं अकरा फोटो काढले. त्यातला नववा तिला तो काढतानाच कळला होता.

सर आले, अकरा फोटो बघून नुसतं हं म्हणाले आणि स्वतःचे दीडशे काढले. दुपारी निवड करायला एजन्सीच्या मॅडम बसल्या. भराभर पुढे सरकणारं त्यांचं बोट नवव्यावर आलं आणि तिथून हलेचना. सर खोडरबरच्या कानाशी वाकून म्हणाले, "नाव तुझंच लागणार. काळजी करू नकोस."

मग तिनं तो फोटो साफ केला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा साफ केला. एक मोकळा केस, खांद्यावरचा धागा, कानामागची पावडर. शेवटी नेहमीच्या सवयीनं डोळा मोठा केला. उजेडासमोर एक मुलगी उभी होती. वेणी खांद्यावरून पुढे आलेली, एक कोपर उचललेलं. खोडरबरनं ती पुसली. दुसऱ्या डोळ्यातलीही पुसली. फोटो पाठवून दिला आणि गुणगुणत घरी गेली.

मासिक आलं. मुखपृष्ठावर बगळी आणि खाली बारीक अक्षरात 'छायाचित्र'. त्यापुढे सरांचं नाव.

चूक झाली असेल असं तिला अर्धा दिवस वाटत राहिलं. सरांना विचारलं तेव्हा ते हसले. कॅमेरा कोणाचा, लाइट कोणाचे, जागा कोणाची, असं एकेक विचारत गेले आणि शेवटी म्हणाले, "तू फक्त बटण दाबलंस. बटण दाबणारा लिफ्टमन इमारतीचा मालक होतो का कधी?"

तेव्हा ती थेट एजन्सीत गेली. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि बाई रीतीच्या होत्या म्हणून सर आणि बगळी या दोघांनाही समोर बोलावलं. मूळ फोटो कुठेत, असं मॅडमनी विचारलं. सर म्हणाले, कार्ड कधीच रिकामं केलं, मला थोडंच ठाऊक होतं की खटला चालणार आहे. बगळीला विचारलं. ती स्वतःच्या नखांकडे बघत राहिली आणि म्हणाली की लाइट डोळ्यांवर होता, समोर कोण होतं ते दिसलं नाही. खोडरबरला तिचा राग आला नाही. एजन्सीच्या दारात बगळी एका पायावरच उभी होती, तो कोण कशाला उचलेल?

"तिचे डोळे मोठे करून बघा, मॅडम," खोडरबर म्हणाली. "फोटो ज्यानं काढला तो डोळ्यात दिसतो. मीच आहे तिथं."

बोलता बोलताच तिला आठवलं. तोंडातून बाण सुटला होता. सर तर म्हणालेच, बघा ना, अवश्य बघा. मॅडमनी भिंतीवरच्या पडद्यावर डोळा मोठा केला, आणखी मोठा केला, टेबलाएवढा केला. उजेडाचा लख्ख चौकोन होता आणि त्याच्यासमोर कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

"स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या.

आत्या म्हणाली, सोड ते काम, उद्यापासून पाय ठेवू नकोस तिथं. माझ्या शिवणीवर माझं नाव नसतं, पण उसवलं की धागा बोलतो. तुझ्या कामात तर धागाही उरत नाही, बये. खोडरबर म्हणाली, आता तर मी जाणारच नाही. तिचा आवाज इतका शांत होता की आत्यानं मान वर करून बघितलं आणि हातातली सुई तशीच राहिली.

तोवर बगळी गावभर झाली होती. तिनं परवानगी मुखपृष्ठापुरतीच दिली होती, पण फोटो बसथांब्यावर गेला, साबणाच्या खोक्यावर गेला, एका सलूनच्या शटरवर गेला. कामाला जाताना खोडरबरला ती सात ठिकाणी भेटायची. सातही ठिकाणी तिचे डोळे, घराचं दार उघडं आणि आत कोणी नाही, असे.

पहिली गोष्ट घडली ती त्यानंतर दहाएक दिवसांनी. घड्याळाच्या जाहिरातीसाठी सरांनी एका दाढीवाल्या मॉडेलचा फोटो काढला होता. खोडरबरनं दाढी नीट केली, कॉलर सरळ केली, शेवटी डोळा मोठा केला. सरांची बाहुली तिला तोंडपाठ होती, पोत्याला हातपाय फुटल्यासारखी. ही तशी नव्हती. ही बारीक होती, उजेडाच्या अगदी मागच्या कडेला उभी होती आणि तिच्या खांद्यावर वेणी होती.

तिनं सरांना बोलावलं. ते म्हणाले, तू मधे आली असशील. ती म्हणाली, गुरुवारी माझी दाढ काढली, मी स्टुडिओत नव्हते, रजा तुम्हीच दिली होती. सरांनी स्क्रीनवरच्या वेणीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, पूस.

तिनं पुसली.

पुढच्या फोटोत बाहुली पुन्हा होती, आणि या वेळी एक पाऊल पुढे. तिनं पुसली. त्याच्या पुढच्यात दोन पावलं पुढे. छत्रीवाली मुलगी, चष्म्याच्या दुकानासाठी काढलेला म्हातारा, शाम्पूवाल्या जुळ्या बहिणी. जुळ्यांच्या चार डोळ्यांत चार वेण्या. फोटो सरच काढत होते, तिच्या डोळ्यांदेखत काढत होते, आणि ती त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेली असायची. आठवडाभरानं तिच्या लक्षात आलं की पुसलं की ती जवळ येते. जितकी पुसावी तितकी.

हे कळल्यावर एखादी घाबरली असती. खोडरबर मन लावून पुसू लागली. सर सांगायच्या आधीच पुसायची. सरांचे जुने फोटो काढून तेही तपासायची, न जाणो, एखादी राहिली असेल.

सरांचा रंग उतरत चालला. त्यांनी मॉडेलना डोळे मिटायला लावलं. मग पाठमोरं बसवलं. मॅडमचा फोन आला की सर, कपडे विकायचेत, झोप नाही. मग त्यांनी काळे गॉगल घातलेली मॉडेल उभी केली, आणि दोन्ही काचांत ती पहिल्यापेक्षा मोठी उभी राहिली, कमरेपर्यंत.

"काय करतेयस तू हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगता तेच, सर. पुसतेय."

त्यांनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः पुसायला बसले. त्यांचा हात जड होता, डाग राहायचे. बाहुली थांबली नाही. उलट आता ती लांब ढांगा टाकू लागली.

एका सकाळी त्यांनी तिच्यासमोर मोबाइल धरला. त्यांची सात वर्षांची मुलगी, जेवणाच्या टेबलाशी, ओठावर दुधाची मिशी. फोटो घरी काढलेला, मोबाइलवर, सहज.

"माझ्या घरी आलीयस कधी?"

"नाही."

"मग बघ."

तिनं दोन बोटांनी डोळा मोठा केला. आता तिथं उजेड फारसा उरला नव्हता. वेणीवालीचा चेहरा आणि खांदा यांनीच डोळा भरून गेला होता. तिचा हात समोर आलेला होता. हातात कॅमेरा नव्हता, पेन होतं.

दुसऱ्या दिवसापासून सर आले नाहीत. एजन्सीनं काम दुसरीकडे नेलं. खोडरबर आत्याच्या दुकानात बसून गुंड्या टाचू लागली. तिथंच, भर दुपारी, दारात एक माणूस येऊन उभा राहिला. काळा चष्मा, हातात लिफाफा. आधी चौकटीला खांदा आपटला, मग आत आला. आत्यानं ओळखलं नाही. पँट सैल करायची असेल तर आधी ताट लहान करा, असं काहीतरी बोलून ती इस्त्रीकडे गेली. मग खोडरबर ताठ बसलेली बघून तिनं इस्त्री खाली ठेवली.

लिफाफ्यात मॅडमच्या सहीचं पत्र होतं. मुखपृष्ठाचं छायाचित्र हिनं काढलेलं आहे. पुढच्या अंकात तशी दुरुस्ती छापली जाईल. यापुढे तो फोटो जिथं वापरला जाईल तिथं हिचं नाव असेल, आणि मॉडेलच्या नव्या संमतीशिवाय तो कुठेही वापरला जाणार नाही. खाली सरांचीही सही होती, ओळ सोडून तिरकी गेलेली. संस्थेचा अर्ज परवापर्यंत घेणार होते. तिनं पत्र दोनदा वाचलं. सगळं होतं. एक शब्दही कमी नव्हता.

"झालं ना आता?" सर म्हणाले. "आता तरी काढून घे."

"काय काढू, सर?"

त्यांनी चष्मा काढला.

"कडेकडेनं दिसेनासं झालंय," ते म्हणाले. "आधी दार गेलं. मग टेबलाच्या कडा. आता समोर थोडंसं आहे, वाटीएवढं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही नाही."

ती पुढे वाकली.

त्यांच्या बुबुळात दुकान नव्हतं, इस्त्री नव्हती, आत्या नव्हती. एकच मुलगी होती, इतकी जवळ की तिचा एक गाल आणि एक हात एवढंच मावत होतं.

खोडरबरचे दोन्ही हात मांडीवर होते, पत्रावर.

आतल्या मुलीचा हात हलत होता. डावीकडून उजवीकडे, थोडा वर, पुन्हा डावीकडून. घाई नव्हती. काम नीट चाललं होतं.

कदाचित एका शब्दानं थांबलं असतं. तिनं आजवर थांब म्हणून बघितलंच नव्हतं. सर वाट बघत होते. मागून आत्यानंही तिला हाक मारली, हळूच, बाळ म्हणून, लहानपणी मारायची तशी.

खोडरबरनं पत्राची घडी घातली.

"पापणी मिटू नका, सर," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."