निळी लाइन

ही गोष्ट मी आजवर मोजक्याच लोकांना सांगितली. पोलिसांना अर्धी, बायकोला पूर्ण. तुम्हालाही पूर्णच सांगतोय. पटली नाही तर सोडून द्या, पण मी रचलीय असं म्हणू नका. माझ्या उजव्या तळहाताला आजही रेषा नाहीत.

साल १९८८, मार्च महिना. तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कापड रंगवायचा एक कारखाना होता. नाव सांगणार नाही.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

मी मधुसूदन. घर पडेगावला. आठ वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होतो. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आलो आणि या कारखान्यात लागलो. अंगात रग होती. समुद्र बघून आलेला माणूस, इथल्या लोकांना काय कळतं, असा माझा तोरा.

जहाजावर पाइपांचे रंग म्हणजे जीव की प्राण. हिरवा समुद्राच्या पाण्याचा, निळा गोड्या पाण्याचा, तपकिरी तेलाचा, करडा हवेचा. धुरात, अंधारात, टॉर्चच्या उजेडात पट्टा बघायचा आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. रंग चुकला की माणूस मेला. हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

कारखान्यात तपासणी येणार होती. मॅनेजरनं मला बॉयलर हाऊसचे पाइप रंगवायला सांगितले.

मी रंगवले. जहाजासारखे.

भिंतीवर दोन लाइनी शेजारी शेजारी होत्या. एक हवेची, जुनी, निळी. ती मी करडी केली. दुसरी बॉयलरला जाणाऱ्या उकळत्या पाण्याची, प्रचंड दाबाची. ती हिरवी होती.

पाणी गोडं आहे ना? मग निळी.

बॉयलरवरचा सांडू वयानं मोठा होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्यात निळा म्हंजी हवा असती. हिरवा पान्याचा. लोकायला तीच सवय हाये."

मी हसलो. "सांडूभाऊ, तुम्ही कधी हर्सूलच्या तलावापलीकडचं पाणी तरी पाहिलंय का?"

तो बॉयलरकडे वळला. गप्प बसणाराच माणूस होता तो.

बाकीच्यांना मी नवे रंग दाखवून ठेवले होते. पण फुलंब्रीचा बद्रीनाथ मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर होता. तो ज्या दिवशी कामावर आला, त्याच दिवशी ते घडलं.

शिफ्ट सुटली की सगळे हवेच्या नळीनं अंगावरचा कापूस उडवायचे. खात्यात रांग लागायची, म्हणून बद्रीनाथ नेहमी बॉयलर हाऊसमध्ये यायचा. तीनचा भोंगा झाला. तो आला. रबरी नळी घेतली, सवयीनं निळ्या लाइनीच्या कॉकला लावली, नळीचं तोंड सदऱ्याच्या गळ्यात धरलं...

आणि कॉक उघडला.

ती किंकाळी मी सांगू शकत नाही. मी धावत जाऊन त्याचा सदरा काढायला गेलो, तर सदऱ्याबरोबर छातीची कातडी आली. तो माझ्याकडे बघत होता. "हवा सोडली व्हती... हवा..." एवढंच म्हणत होता.

दोन दिवसांनी गेला.

त्याच संध्याकाळी मी काय केलं माहितेय? पाण्याची लाइन परत हिरवी केली. हवेची निळी. पोलीस आणि साहेब लोक पाहायला आले तेव्हा सगळं नियमाप्रमाणे होतं. मी जबाब दिला की रंग पहिल्यापासून असेच आहेत, मयतानं चुकीचा कॉक उघडला. सांडूच्या मी पाया पडलो. त्यानंही तेच सांगितलं. बाकीचे नोकरीच्या भीतीनं मध्ये पडले नाहीत.

कागदावर बद्रीनाथ निष्काळजी ठरला.

त्याची बायको भागूबाई गेटवर आली होती. मला म्हणाली, "अठरा वरसं काम केलं त्यायनी. त्यायला रंग कळंना व्हय?"

मी मान खाली घालून सायकल काढली. लाज वाटली, पण नोकरी जास्त प्यारी होती.

तो गेल्यावर नवव्या दिवशी...

तीनचा भोंगा वाजला आणि बॉयलर हाऊसमधून आवाज आला. फुस्स... फुस्स... कुणीतरी अंग झटकत असावं तसा.

आत गेलो. कुणी नाही.

नळी मात्र हलत होती. तिच्या तोंडातून वाफ येत होती आणि दोन्ही कॉक बंद होते.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या हिरव्या लाइनीवर डाग दिसला. जवळ गेलो.

पंजा होता. निळा. पाचही बोटं.

मी घासून काढला. वरून हिरवा दिला. तीन वाजता तिथंच परत. मग पत्रा घेऊन लोखंडापर्यंत खरवडला, तर लोखंडातच निळा उतरलेला.

सांडूनं मला बाजूला घेतलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"साहेब, तो रोज येतो. मह्या समोर हुभा राहतो. अंगावरून पानी गळतंय, कातडं लोंबतंय. इचारतो, रंग कोन बदलला? नाव सांग म्हनतो."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? तुमच्यापायी खोटं बोललो म्या. आता मॅनेजर साहेबाला खरं सांगून टाकतो. लई झालं."

माझी नोकरी पक्की व्हायला आठवडा होता. मी हात जोडले. म्हणालो, "एक आठवडा थांबा. मग मीच सांगतो."

त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"व्हय," म्हणाला. "पन लवकर करा."

तो थांबला. माझ्यासाठी.

शुक्रवारी तीनचा भोंगा झाला आणि बॉयलर हाऊसचं दार आतून आपटलं. मी खांद्यानं धडक देऊन उघडलं.

सांडू भिंतीला टेकून उभा होता. नळीचे दोन वेढे त्याच्या गळ्यात. नळीचं टोक तोंडात, पार घशापर्यंत. त्याचे दोन्ही हात ती उपसायला धडपडत होते.

आणि कॉक...

आपोआप फिरत होता.

मी झडप घालून कॉक पकडला आणि उलटा पिळला. हाताखाली लोखंड नव्हतं. दुसरा हात होता. ओला, मऊ, उकळता. मी पिळत होतो आणि तो हात माझ्या हातासकट कॉक उघडत होता. माझा तळहात चरचरला. मी ओरडलो, "मी बदलला! रंग मी बदलला!"

उशीर झाला होता.

सांडूचा गळा बाहेरून फुगला. नाकातून वाफ आली, मग रक्त. डोळे शेवटपर्यंत माझ्यावर होते.

कारखान्यानं सांगितलं, त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. कुणीही स्वतःच्या घशात असं पाणी सोडत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण कुणी बोललं नाही.

मी दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून फुलंब्रीची एसटी धरली.

भागूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जहाज, निळा रंग, माझा तोरा, खोटा जबाब, सांडू. काही ठेवलं नाही. सांगता सांगता रडलो. तिचं सूप कधीच थांबलं होतं.

माझं बोलणं संपलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती.

हळूच तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. गावाकडची बाई नवरा दारात आला की ओढते, तसा.

"मला कामून सांगता?" ती म्हणाली. "तुमच्या मागंच हुभे हायेत. त्यायला सांगा."

मी वळलो नाही. हिंमत झाली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालो, "चूक माझी होती, बद्रीनाथ. तुमची नव्हती. मी सगळ्यांना सांगेन."

मानेवर गरम वाफ येत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

भागूबाईनं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, तिच्यामागं तोही घरात गेला असेल.

फुलंब्रीच्या स्टँडपर्यंत माझी मान भाजत होती.

सोमवारी मी मॅनेजरला खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मला घरी पाठवलं. जबाब कुणी बदलला नाही. कागदावर बद्रीनाथ अजूनही निष्काळजीच आहे.

याला सदतीस वर्षं झाली. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या मानेवर फोड येतात. बायको खोबरेल लावते. तेल लावताना ती माझ्या बरोबर मागं उभी असायची, पण हल्ली ती एका बाजूला सरकून उभी राहते, कुणाला जागा दिल्यासारखी.

का, ते मी तिला विचारलेलं नाही.