सोळाव्या ग्रीनवरचं भोक

गोल्फच्या मैदानावर भोकं पाडणं हे काही कुणाच्या डोळ्यांत भरणारं काम नाही. चेंडू भोकात गेला की टाळ्या खेळाडूला मिळतात; भोक तिथे कुणी ठेवलं, हे विचारायला कोण बसलंय? माळीकाकांचं पोट मात्र तीस वर्षं त्याच कामावर चाललं होतं. रोज उजाडताना ते लोखंडी कटर खांद्यावर टाकून निघत आणि अठरा ग्रीनवरची अठरा भोकं नव्या जागी हलवत. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, दाढी केल्यासारखी तासलेली. तिथे कटर दाबून फिरवला की गवतासकट मातीचं वीतभर लांब बूच वर येतं. ते बूच कालच्या भोकात ठोकून बसवायचं, नव्या भोकात पांढरी वाटी सरकवायची, कडेचं गवत कात्रीने सारखं करायचं आणि झेंडा उभा करायचा. कालची जागा कुणाला शोधूनही सापडू नये, ही काकांची ऐट.

यंदा त्या समुद्राकाठच्या मैदानावर पहिल्यांदाच मोठी अजिंक्यपद स्पर्धा भरणार होती. तिच्यासाठी मैदानाची नव्याने आखणी करायला एक आर्किटेक्ट आला. त्याच्या कानावर कायम पेन्सिल, म्हणून माळ्यांनी त्याचं नाव पेन्सिलसाहेब पाडलं. पेन्सिलसाहेबाने सतरा ग्रीनना फारसा हात लावला नाही. सोळावं मात्र वाळूच्या टेकाडामागून उचललं आणि समुद्रात घुसलेल्या खडकाच्या टोकावर नेऊन ठेवलं. तिन्ही बाजूंना पाणी, आणि यायला-जायला एक चिंचोळी वाट.

"साहेब, तिथे काही धरत नाही," काका म्हणाले होते. "मी दोनदा बी टाकून पाहिलंय. पाखरूसुद्धा बसत नाही तिथे."

"काका, खेळाडूचे हात थरथरले पाहिजेत," नकाशावरून मान न उचलता पेन्सिलसाहेब म्हणाला. "नाहीतर स्पर्धा कसली? गवताचं तेवढं तुम्ही बघा."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातंय! काकांनी खडकावर माती चढवली, वाळू पसरली, बी टाकलं आणि आता महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसायचं म्हणून पाण्याची नळी ओढत आणली. नळीची गरज पडली नाही. नवव्या दिवशी गवत दाट उगवलं होतं. पेन्सिलसाहेबाने पाठ थोपटली. काकांनी ती थोपटून घेतली खरी, पण ते गवत त्यांना आवडलं नाही. भर दुपारीसुद्धा हाताला गार लागायचं.

तरीही ते गप्प बसले, कारण या स्पर्धेत त्यांची लेक खेळणार होती. लोकांनी टाकून दिलेल्या गोल्फच्या काठ्या आपल्या उंचीला कापून, अवजारांच्या शेडमागे ती चेंडू मारायला शिकली. मोठ्या घरच्या मुली तिच्या बुटांकडे बघून हसायच्या. हिने बारा वर्षं हू की चू केलं नाही. पात्रता फेरीत शेवटच्या जागेवर का होईना, ती आत आली होती. "पुढच्या वर्षी तिशी गाठेन, बाबा," ती म्हणाली होती. "आता नाही तर कधीच नाही." काकांच्या जिवाला तेवढा एकच घोर होता. चारही दिवसांची भोकं कुठे असणार याचा नकाशा त्यांच्या खिशात होता. पण काका इतके सरळ, की तिला त्यांनी त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी पहाटेच्या उजेडात काकांनी सोळाव्यावर कटर टेकवला. तो फिरवावाच लागला नाही. बूच अलगद बाहेर आलं. त्याच्या कडा सगळीकडून गुळगुळीत होत्या, जणू ते आधीच कापून पुन्हा जागच्या जागी बसवलेलं होतं. नवं ग्रीन, तिथे याआधी कुणी भोक पाडलंच नव्हतं. खालची माती ओली होती आणि तिला शिळ्या पाण्याचा वास येत होता.

जमीन कुठे पोकळ लागली तर तडक स्पर्धेच्या मुख्य पंचबाईंना कळवायचं, असा नियम होता. कळवलं की ग्रीन बंद, आणि सतरा ग्रीनवर अजिंक्यपद होत नाही. म्हणजे स्पर्धाच रद्द. काकांनी रोजच्या वहीत सोळाव्यापुढे लिहिलं, "ठीक". तीस वर्षांत त्यांनी वहीत खोटं लिहिलं नव्हतं. लिहिताना हात जरा अडला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कटर टेकवायच्या आत बूच थोडं वर आलं. खालून कुणी अंगठ्याने दाबावं, तेवढंच. काका गुडघ्यावर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते हाताने उपसून काढलं, काम उरकलं आणि वहीत पुन्हा "ठीक" लिहिलं.

त्या दुपारी एक परदेशी खेळाडू सोळाव्यावर चेंडू काढायला वाकली आणि चटकन उभी राहिली. हात तिने पुन्हा पुन्हा पुसला. वाटेवरून परतताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. तक्रार मात्र केली नाही. संध्याकाळी गुणांच्या फलकावर काकांची लेक तिसरी होती.

तिसऱ्या दिवशी भोक आधीच पाडलेलं होतं.

नकाशात होतं तिथेच. तो नकाशा तिघांकडेच होता: पंचबाई, पेन्सिलसाहेब आणि काका. कालचं भोक बुजवलेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांना कालची जागा सापडली नाही. नव्या भोकाची कड इतकी सुबक होती की कात्री लावायला जागा नव्हती. कालची पांढरी वाटी शेजारी गवतावर पालथी घातलेली होती. काकांनी ती उचलून भोकात बसवली. वीतभर खोल, तळ शाबूत. दोनदा बोटाने चाचपून पाहिलं.

मग मात्र ते पंचबाईंच्या टेबलापाशी गेले. बाई कागदांवर सह्या करत होत्या. त्यांच्या मागेच फलक होता, आणि त्यावर तिसऱ्या जागी लेकीचं नाव.

"काय काका? काही अडचण?"

"वारा वाढतोय बाई," काका म्हणाले.

"समुद्रकाठी वारा असायचाच."

काकांनी मान हलवली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून परत फिरले. बाप म्हणून आपण बरोबर केलं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते त्यांना पटलं नाही.

दुपारी लेक सोळाव्यावर आली तेव्हा काका दोरीमागे उभे होते. तिने लांबून चेंडू ढकलला. चेंडू वळण घेत गेला आणि भोकात पडला. पडल्याचा आवाज आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हसत पुढे झाली, वाकली आणि भोकात हात घातला.

मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत.

ती तशीच राहिली, एक गुडघा टेकून, मान किंचित तिरकी, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मग तिने हात बाहेर काढला. मुठीत चेंडू होता. लोकांकडे बघून तिने तो उंच धरला. आजूबाजूला कुणाच्याच कपाळावर आठी नव्हती.

खेळ संपल्यावर ती शेडमध्ये आली आणि नळ सोडून उजवा हात धूत राहिली. यंत्रांच्या तेलाचा वास, भिंतीला टेकवलेली दाताळी, सगळं रोजचंच होतं.

"बाबा, सोळाव्यावर भोक किती खोल पाडता?"

"वीतभर. सगळीकडे तेवढंच असतं."

"चेंडू लागेना, म्हणून मी हात घालत गेले. तळच लागला नाही." तिने नळ बंद केला. "मग कुणीतरी तो माझ्या हातात दिला."

काकांनी खुंटीवरचं फडकं तिच्यापुढे धरलं.

"दिला, आणि माझा हात धरून ठेवला. माझी बोटं मोजली, बाबा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एकेक करून. मग पुन्हा पहिल्यापासून."

"मी आत्ता जातो पंचबाईंकडे."

"नको."

"अगं पोरी, वेड लागलंय का तुला?"

"मी एका फटक्याने सगळ्यांच्या पुढे आहे." ती शांतपणे म्हणाली. हात अजून पुसत होती. "तुम्हाला माहीत होतं ना?"

काकांनी भिंतीला टेकवलेलं दाताळं उगाच सरळ केलं.

"तीन दिवस गप्प राहिलात ना माझ्यासाठी? मग आणखी एक दिवस राहा." तिने फडकं पिळून खुंटीवर टाकलं. "दुखवलं नाही त्याने. फक्त सोडायला तयार नव्हतं."

चौथ्या दिवशी काका कटर न घेताच सोळाव्यावर गेले. त्याची गरज पडणार नव्हती. आभाळ खाली आलं होतं आणि खडकाभोवतीचं पाणी हलत नव्हतं. भोक तयार होतं. पांढरी वाटीही बसवलेली होती. तिला तळ नव्हता.

काय असेल ते माझं घे, असं त्यांनी मनात म्हटलं. मोठ्याने बोलायचं धैर्य नव्हतं. म्हातारा हात आहे, पण तीस वर्षं राबलेला आहे. ते गवतावर पालथे झोपले, बाही वर सारली आणि भोकात हात घातला.

आत गारवा होता. दंडापर्यंत हात गेला. काका वाट बघत राहिले.

बऱ्याच वेळाने बोटं लागली. ओली, लांब, घाई नसलेली. ती काकांच्या तळव्यावरून फिरली, नखांपाशी थांबली. त्या बोटांनी काही मोजलं नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालणाऱ्या मुलाचा हात आई बाजूला सारते, तसा त्यांनी काकांचा हात हलकेच बाजूला सारला आणि वर ढकलून दिला.

मागे वाटेवर पावलं वाजली. पंचबाई कागद घेऊन येत होत्या.

"सोळावं झालं का काका?"

काकांनी बाही खाली केली. टेकाडापलीकडून लोक जमल्याची गलबल येत होती.

"झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी झेंडा उभा केला.